सब कायकू?

आठवीतल्या एका मुलीचा मराठीचा गृहपाठ सलग तीन आठवडे आला नाही. मुलगी हुशार. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीचा तास म्हटला की अनेकींचे चेहरे उतरतात, पण हिला निबंध सांगितला की दोन पानं कमी पडायची. वर्गात विचारलं की मान खाली. मी तिच्या नावापुढे तीन शून्यं टाकली आणि एक दिवस सगळ्यांसमोर बोलले, "मोबाइलवर बाकी सगळं जमतं, अभ्यास तेवढा जमत नाही." आज हे लिहिताना ते वाक्य मला टोचतं. पण झालं ते झालं तसंच सांगायला हवं.

गृहपाठ मोबाइलवर यायचं कारण साधं होतं. साठ मुलींच्या वह्या रिक्षातून घरी न्यायच्या, तपासून परत आणायच्या, तोवर मुलींकडे अभ्यासाला वही नाही. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही शिक्षक वहीच्या पानाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायला शिकलो होतो. पण त्यात कुणाचं पान कुठलं ते कळत नसे. सुप्रभातचे संदेश, जुम्मा मुबारकची फुलं, नातेवाइकांच्या वलीम्याचे फोटो आणि त्यातच कुठेतरी "माझा आवडता ऋतू". शेवटी पुण्यात संगणकाचं काम करणाऱ्या माझ्या भाचीने एक छोटं अ‍ॅप करून दिलं. मुलीने गॅलरीतून पानाचा फोटो निवडायचा, तो माझ्याकडे येणार, मी त्यावर लाल खुणा करणार, पान परत जाणार. बस्स एवढंच. मी खूश होते. शिक्षकांच्या खोलीत चार जणींना दाखवूनही झालं होतं.

तिसऱ्या शून्यानंतर मी त्या मुलीच्या घरी गेले. सोलापूरच्या जुन्या वस्तीतलं दोन खोल्यांचं घर. आई शिलाई मशीनवर बसलेली, बाजूला कापलेल्या ब्लाउजांचा ढीग. मला बघून मशीन थांबवलं, चहा ठेवला. मी विषय काढला. तिने उशीखालून फोन काढून माझ्यापुढे धरला. अ‍ॅप उघडलं की पहिलीच खिडकी यायची: या अ‍ॅपला तुमच्या फोनवरचे फोटो, मीडिया आणि फाइल्स बघू द्यायच्या का? नकार दिला की अ‍ॅप पुढे सरकतच नसे.

ती म्हणाली, "आपा, फोन मेरा है. इसमें बहनके शादीके फोटो हैं, घरके औरतांके फोटो हैं. ये बोलता सब देखने दो. सब कायकू? एकच पन्ना भेजना है ना?"

मी समजावणीच्या सुरात म्हणाले, "आमचं अ‍ॅप कुणाचे फोटो बघत नाही हो."

"तुम नै देखते, मालूम है. फिर मांगते कायकू?"

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात एक भाषण तयार होतं. बीएडला पालकांचं प्रबोधन नावाचं जे काही शिकवतात ते, आणि त्यावर आपल्या समाजातल्या बायकांच्या मागासलेपणाबद्दलची माझी स्वतःची भर. शिकलेल्या माणसाला हे भाषण फार पटकन सुचतं. पण तिच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बघायचं नाही, तर मागायचं कशाला? चहा पिऊन मी उठले.

रात्री भाचीला फोन केला. ती म्हणाली, "खाला, सगळेच मागतात." मी म्हटलं, "सगळे मागतात हे उत्तर मी आठवीतल्या मुलीकडून घेत नाही, तुझ्याकडून कसं घेऊ?" ती हसली, मग गप्प झाली. म्हणाली, "थांब, मी बघते." पुढचे दोन रविवार आम्ही दोघींनी फोनवर त्यात घालवले. ती कोड वाचायची आणि मला समजेल अशा भाषेत सांगायची, मी कायकू विचारायची. त्यातून मला जे कळलं ते इथे लिहिते. कारण आपल्यातल्या अनेकांची मुलं-मुली आज असली अ‍ॅपं बनवतात, आणि बाकीचे सगळे ती वापरतात.

आपण गॅलरीतून फोटो निवडतो तेव्हा अ‍ॅपच्या हाती काय लागतं? मला वाटायचं, फोटो लागतो. भाची म्हणाली, "नाही खाला, चिठ्ठी लागते." अँड्रॉइड फोनमध्ये या चिठ्ठीला यूआरआय म्हणतात. तिची सुरुवात 'कंटेंट' या शब्दाने होते आणि पुढे काही नावं, आकडे असतात. फोटो कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहे हे ती चिठ्ठी सांगत नाही. फोटो फोनमध्ये असेल, मेमरी कार्डावर असेल किंवा इंटरनेटवरच्या एखाद्या साठ्यात असेल आणि फोनमध्ये त्याची फक्त छोटी छबी असेल. अ‍ॅपने त्यात पडायचं नसतं. चिठ्ठी घ्यायची आणि खिडकीवर बसलेल्या कारकुनाला द्यायची. त्या कारकुनाचं नाव कंटेंट रिझॉल्व्हर. त्याला सांगायचं, 'ओपन इनपुट स्ट्रीम', म्हणजे या चिठ्ठीवरच्या वस्तूची धार माझ्याकडे सोड. मग फोटोचा मजकूर, म्हणजे त्याचे बाइट, एकामागून एक येऊ लागतात. फोटो कुठून आणायचा ते कारकून बघतो.

हा सरळ रस्ता. भाचीने मात्र कुठल्या तरी जुन्या उदाहरणातून कोड उचलला होता आणि त्यात वेगळंच चाललं होतं. तो कोड चिठ्ठी उलटीपालटी करून तिच्यामागचा खरा पत्ता शोधायचा. फोनमधल्या चित्रांच्या यादीत 'डेटा' नावाचा एक रकाना असतो, त्यात फाइलचा पूर्ण मार्ग मिळतो. तो मार्ग काढायचा आणि कारकुनाला वगळून स्वतःच आत जाऊन कपाट उघडायचं. आता दुसऱ्याच्या घरात शिरून स्वतः कपाट उघडायचं तर घराची किल्ली लागणारच. ती किल्ली म्हणजे ती परवानगीची खिडकी. फोटो, मीडिया, फाइल्स, सगळं.

म्हणजे त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं: एका पानासाठी सगळी गॅलरी लागतच नव्हती. आमचा रस्ता चुकीचा होता म्हणून ती लागत होती.

गंमत म्हणजे हा चुकीचा रस्ता नीट चालतही नव्हता. चौघी-पाच जणींच्या फोनवर अ‍ॅप मध्येच बंद पडायचं आणि मी त्यांना "फोन बदला" सांगत होते. त्यांचे फोटो इंटरनेटवरच्या साठ्यात होते. त्यांचा फोनमधला मार्ग शोधला की हाती काहीच लागत नसे, आणि अ‍ॅप त्या 'काही नाही'वर आपटून पडे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून तर दुसऱ्याच्या फाइलींकडे मार्ग धरून जाणं आणखी बेभरवशाचं झालं आहे. उलट परवानगी न मागता, माणसाने निवडलेली तेवढीच फाइल घेण्याची सोय कितीतरी जुनी. फाइल निवडण्याची खिडकी २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये आली. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये फक्त फोटो-व्हिडिओसाठी वेगळी खिडकी आली, तिला फोटो पिकर म्हणतात. ती खिडकी अ‍ॅपची नसते, फोनची असते. सगळे फोटो तिच्यात दिसतात, पण ते माणसाला दिसतात, अ‍ॅपला नाही. माणूस एकावर बोट ठेवतो आणि त्या एकाचीच चिठ्ठी अ‍ॅपच्या हातात पडते. ज्या जुन्या फोनवर ही खिडकी नाही तिथे फाइल निवडण्याची जुनी खिडकी उघडते. परवानगी तिथेही मागावी लागत नाही.

आता ही धार. भाची मला समजावत होती आणि मला आमचा नळ दिसत होता. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी सुटलं की गल्लीत धावाधाव होते, नळी लावायची, पिंप भरायचं, नळी काढायची. उजनी धरण घरी आणायचं नसतं. आपल्याला पिंपभर हवं असतं, तेवढं धारेने येतं. आणि वाहून गेलेलं पाणी परत नळात जात नाही. स्ट्रीमचंही साधारण असंच. एकदा शेवटपर्यंत वाचली की संपली. पुन्हा वाचायची तर चिठ्ठी घेऊन पुन्हा कारकुनाकडे जायचं आणि नवी धार सोडायला सांगायचं.

हे मुद्दाम सांगते, कारण नव्या कोडमध्ये पहिला घोळ इथेच झाला. हल्लीच्या साध्या फोनचा फोटोही ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. फाइल म्हणून तो तीन-चार एमबीचा दिसतो, कारण घडी घालून ठेवलेला असतो. उलगडला की प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे जवळपास ४८ एमबी जागा. स्वस्तातल्या फोनवर असे दोन-तीन फोटो उलगडले तर अ‍ॅपचा जीव जातो. म्हणून आधी धार उघडून फक्त मापं वाचायची, चित्र उलगडायचं नाही. मापं कळली की धार बंद करायची, दुसऱ्यांदा उघडायची आणि या वेळी चित्र लहान करूनच उलगडायचं. भाचीने मापं वाचलेली तीच धार चित्रासाठी वापरली आणि हाती कोरं आलं. दुसरी धार सोडल्यावर चित्र आलं.

किती लहान करायचं हा प्रश्न मात्र तिने मला विचारला, आणि तिथे माझं शिक्षकपण कामी आलं. तिने आधी चित्राच्या दोन्ही बाजू चौथ्या हिश्शावर आणल्या, १००० बाय ७५०. मराठीचं पान वाचता येत होतं. उर्दूचं पान उघडलं तर नुक्ते गेलेले. ज्यांना उर्दू येत नाही त्यांच्यासाठी सांगते, बे, पे, ते आणि से या अक्षरांची नाव एकच असते, फरक फक्त ठिपक्यांचा, खाली एक की तीन, वर दोन की तीन. ठिपके पुसट झाले तर मुलीने काय लिहिलंय ते मी ठरवणार कशी? मराठीत अनुस्वार गेला तरी तेच. "मी त्यांना शून्य दिलं तर चूक कुणाची, तुझ्या चित्राची की मुलीची?" असं मी म्हटलं. तिने दोन्ही बाजू निम्म्यावर आणल्या, २००० बाय १५००. जागा चौपटीने कमी झाली, सुमारे १२ एमबी, आणि नुक्ते शाबूत राहिले. तिथे आम्ही थांबलो.

दुसरा घोळ असा की काही पानं आडवी येऊ लागली. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे, हे मी रोज सांभाळते, पण इथे उर्दू वरून खाली वाहत होती. कारण मजेशीर आहे. आपण फोन उभा धरून फोटो काढतो तेव्हा अनेक कॅमेरे ठिपके आडवेच साठवतात आणि सोबत एक टीप ठेवतात, "बघताना उजवीकडे पाव फेरा फिरवा." गॅलरी ती टीप वाचते, म्हणून आपल्याला पान सरळ दिसतं. धारेतून नुसते ठिपके उलगडले की टीप बाजूला राहते. म्हणून टीप वेगळी वाचावी लागते आणि पान आपण फिरवावं लागतं.

या टिपांच्या कप्प्याला एक्झिफ म्हणतात. त्यात आणखी काय काय असतं हे ऐकून मी जरा सावरून बसले. फोटो कधी काढला, कुठल्या फोनने काढला, आणि कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी दिलेली असेल तर कुठे काढला, तेही अक्षांश-रेखांशासह. म्हणजे वहीच्या पानाबरोबर मुलीच्या घराचा पत्ता. मला निबंध हवा होता, घराचा नकाशा नाही. यावर भाचीने केलेला उपाय मला आवडला. फिरवलेलं, लहान केलेलं चित्र ती नव्याने जेपीजी म्हणून बांधते आणि तेच पाठवते. त्या नव्या फाइलीत फक्त ठिपके असतात, जुन्या टिपा त्यात जात नाहीत.

तिसरी गोष्ट चिठ्ठीच्या मुदतीची. पिकरकडून मिळालेली चिठ्ठी कायमची नसते. फोन बंद करून चालू केला की तिचा हक्क संपतो. आमच्या अ‍ॅपने आधी चिठ्ठीच जपून ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी ती दाखवली की नकार मिळायचा. मुदत वाढवून मागता येते, तशी सोय आहे. पण आम्ही ठरवलं, वाढवायची कशाला? चिठ्ठी मिळाली की लगेच धार उघडायची, पान घ्यायचं, धार बंद करायची आणि चिठ्ठी विसरायची. धार बंद करणं विसरू नये म्हणून भाषेतच सोय असते, काम झालं किंवा मध्येच बिघडलं तरी नळ बंद होतो. आणि हे सगळं अ‍ॅपच्या मुख्य धाग्यावर न करता मागे करायचं, नाहीतर मोठा फोटो येईस्तोवर पडदा गोठून राहतो.

हे सारं झाल्यावर भाचीने अ‍ॅप आपल्या गरजा जिथे जाहीर करतं त्या यादीतून परवानगीची ओळ काढून टाकली. अ‍ॅप पहिल्यासारखंच चाललं. खरं तर पहिल्यापेक्षा बरं चाललं.

त्या रात्री मला सूरह नूर आठवली. मदरशातल्या वयापासून ऐकलेली शिकवण आहे की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नका. पण तिच्यापुढची गोष्ट आपण कमी सांगतो. परत जा असं म्हटलं गेलं, तर परत जा, त्यातच तुमची पाकीजगी आहे. परवानगी मागणं म्हणजे नकार ऐकायची तयारी ठेवणं. आमच्या अ‍ॅपने परवानगी मागितली होती हे खरं, पण नकार मिळाल्यावर ते दारात अडून बसलं होतं. किल्ली द्या, नाहीतर मुलीला शून्य. याला इजाजत मागणं म्हणत नाहीत. आणि त्या अडून बसण्यात अ‍ॅपबरोबर मीही होते, हातात लाल पेन घेऊन.

त्या आईची भीती आकाशातून पडलेली नव्हती, हेही लिहायला हवं. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावाला मांडल्यासारखे इंटरनेटवर लावले गेले. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या बायका. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटकाही केल्या. ते फोटो कुणाच्या गॅलरीतून चोरलेले नव्हते, त्या स्त्रियांच्या उघड्या खात्यांवरून उचललेले होते. म्हणजे आमच्या अ‍ॅपची ओळ काढल्याने ते थांबलं नसतं. पण त्यानंतर आपल्या घराघरांत बायका फोटोबद्दल अधिक जपून वागू लागल्या, तर त्याला अडाणीपणा म्हणायचा अधिकार मला नाही. शिलाई मशीनवर बसलेल्या त्या बाईने या प्रकरणांची नावं ऐकली होती की नाही, मी विचारलं नाही. आपले फोटो आपल्या हाताबाहेर गेले की आपलं काही चालत नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

कायदाही तिच्याच बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीबद्दल म्हटलं आहे की ती ठरलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असेल. त्या कायद्यात एक उदाहरण दिलंय. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारं अ‍ॅप एका बाईकडे तिच्या फोनमधली नंबरांची यादीही मागतं आणि ती हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ल्यासाठी यादी लागत नाही, तेव्हा तिचं ते हो त्या यादीला लागू होणार नाही. मी हे वाचलं आणि मला तिची दखनी ऐकू आली. सब कायकू? संसदेने कायद्याच्या भाषेत जे लिहिलं ते तिने दोन शब्दांत विचारलं होतं. त्याच कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितलं आहे. आम्ही मात्र आईचा नकार मोडून काढायला निघालो होतो.

एवढ्याने सगळं मिटलं असं नाही. धार बंद झाली तरी पान माझ्याकडे आलेलं असतंच. ते कुठे राहतं, किती दिवस राहतं, कोण बघतं, हे कुठल्याही खिडकीच्या हातात नाही. तिथे पुन्हा माणसाच्या अमानतीचाच प्रश्न येतो. आम्ही ठरवलं, तपासलेलं पान मुलीकडे परत गेलं की महिन्याभरात आमच्याकडून पुसायचं. भाची म्हणाली, साठवून ठेवलं तर पुढे कधी कामाला येईल. मी म्हटलं, ज्याचं काम आज माहीत नाही ते कशाला ठेवायचं? वह्या मुलींच्या आहेत.

वाचणाऱ्यांनी एक करावं. आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांची यादी असते. तिथे फोटोंवर बोट ठेवलं की कुणाकुणाला गॅलरीची किल्ली दिली आहे ते दिसतं. मी बघितलं तेव्हा माझ्या फोनमध्ये एका विजेरीच्या अ‍ॅपलाही ती दिलेली होती. अंधारात उजेड पाडायला त्याला माझे फोटो कशाला हवेत? काढून घेतली, उजेड तेवढाच पडतो. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून निवडक फोटोच दाखवायची सोय आहे, आयफोनमध्ये ती २०२० च्या आयओएस १४ पासून आहे. आणि आपली मुलं अ‍ॅप बनवत असतील तर त्यांना सांगा, आधी चिठ्ठी आणि धार शिका, किल्ली मागू नका.

नवं अ‍ॅप घेऊन मी पुन्हा त्या घरी गेले. या वेळी कुठलीही खिडकी आडवी आली नाही. फोनची स्वतःची फोटोंची खिडकी उघडली. आईने ती बघितली आणि विचारलं, "ये सब तुमकू दिखता?" मी म्हटलं, "नाही. हे तुम्हालाच दिसतंय. तुम्ही ज्यावर बोट ठेवाल तेवढंच माझ्याकडे येईल." तिने मुलीकडे फोन दिला. मुलीने वहीच्या पानावर बोट ठेवलं. माझ्या पिशवीतला माझा फोन वाजला. मी उघडून आईला दाखवला. एकच पान, सरळ उभं, नुक्त्यांसकट. तिने मान हलवली आणि मशीनकडे वळली. ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सांगितलं की ती तीन शून्यं चुकीची होती आणि चूक माझी होती. मुलींना शिक्षकाच्या तोंडून हे ऐकायची सवय नसते, वर्ग एकदम शांत झाला. मग तिचं पान वाचून दाखवलं. निबंधाचा विषय होता 'आमचं घर'. त्यात मशीनचा आवाज होता, पाण्याचा दिवस होता, मावशीच्या लग्नात किती माणसं या दोन खोल्यांत झोपली त्याचा हिशोब होता. त्या लग्नाचे फोटो मी पाहिलेले नाहीत आणि पाहायची गरजही नाही. तिला जेवढं सांगायचं होतं तेवढं तिने पानावर लिहून दिलं होतं. 'पाहुणे' तिने दीर्घ ऊकाराने लिहिलं होतं. मी ते लाल केलं आणि पान परत पाठवलं.